पंचांगात नसलेला तारा

दिवाळीची आवराआवर ही मोठी फसवी गोष्ट आहे. माणूस निघतो जळमटे काढायला आणि हाती लागते भलतेच काही. यंदा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, तेव्हा जुने पेपर आणि अर्ध्यावर सोडलेल्या एका कादंबरीची बाडे यांच्या तळाशी एक वही सापडली. कोपरे दुमडलेली, सहावीच्या वर्गातील एका मुलीची. मधल्या एका पानावर प्रश्न होता, ‘सूर्य कोठे उगवतो?’ खाली उत्तर होते आणि त्या उत्तरावर लाल शाईची एक मोठी फुली होती. ती फुली माझी.

उत्तर असे होते: ‘सूर्य एका जागी उगवत नाही. दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा आमच्या कोपीच्या दारातून तो कारखान्याच्या धुराड्याच्या उजव्या अंगाला उगवत होता. मग आणखी उजवीकडे सरकत गेला. संक्रांतीच्या आधीच थांबला आणि मागे फिरला. पट्टा पडला तेव्हा धुराड्याच्या बरोबर मागून उगवला.’

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे सिरसाळा ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. दिवाळी सरत आली, की आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो आणि पोरेही चढतात. कारखान्याच्या आसपास उसाच्या पाचटाची कोपी उभी राहते. हंगाम संपून कारखाना बंद झाला, म्हणजे पट्टा पडला, की मंडळी गावी परततात. ती मुलगी अशीच परतली होती. बुडालेला अभ्यास भरून काढावा म्हणून मी तिला प्रश्न लिहून दिले होते. मला हवे होते तीन अक्षरी उत्तर: पूर्वेस. तिने लिहिला चार महिन्यांचा वृत्तांत. मी फुली मारली.

ह्या फुलीविषयी आज लिहावेसे वाटले ते एका ताऱ्यामुळे. शास्त्र विषयाशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती. पुढचे सारे वाचून, विचारून मिळवलेले. तरीही ह्या ताऱ्याची हकीकत वाचल्यापासून ती वही आणि तो तारा माझ्या मनात एकमेकांपासून वेगळे होत नाहीत.

इसवी सन १०५४ च्या ४ जुलैला चीनमधील राजदरबारच्या ज्योतिषांनी पहाटे पूर्वेला एक नवा तारा पाहिला. वृषभाच्या शिंगाच्या टोकापाशी, जिथे काल काही नव्हते तिथे, आज शुक्रालाही मागे टाकील असे तेज होते. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता. मग हळूहळू मंदावत १०५६ च्या एप्रिलमध्ये तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. चिनी लोकांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटले. तो कधी आला, कोठे बसला, कधी गेला, हे टिपून ठेवले. आज त्याच जागी दुर्बिणीतून पाहिले, तर वायूचा एक विस्कटलेला, अजूनही पसरत असलेला मेघ दिसतो. त्याला खेकडा तेजोमेघ म्हणतात. तो आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. १०५४ मध्ये जे दिसले ते एका महाकाय ताऱ्याचे मरण होते, आणि ते मरण त्याच्याही साडेसहा हजार वर्षे अगोदर घडून गेले होते. अशा ताऱ्याला आपण अतिनवतारा म्हणतो. इंग्रजी शब्द सुपरनोव्हा.

आता वाचकांनी क्षणभर त्या सालच्या आपल्या मुलखात यावे. मराठवाड्यावर तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते; पहिला सोमेश्वर गादीवर होता. जुलैत आपल्याकडे आषाढ-श्रावणाचे ढग, तेव्हा पाहुण्याचे येणे आपल्याला दिसले नसेल असे म्हणता येईल. पण ढग काही दोन वर्षे राहत नाहीत. आश्विन सरला, आभाळ धुऊन निघाले, तेव्हाही तो तारा होताच. त्या दिवाळीत रात्रीची जेवणे उरकेपर्यंत तो पूर्वेला वर आलेला असणार, आणि मध्यरात्र उलटल्यावर आमच्या डोक्यावरून जात असणार. अंगणात पणती ठेवायला आलेल्या कुणा बाईने, कुणा राखणदाराने, कुणा गुराख्याने तो पाहिला नसेल, हे मला खरे वाटत नाही. रात्रीचे आभाळ हेच ज्यांचे घड्याळ, त्यांना रोहिणीच्या शेजारचा परका चेहरा कळणार नाही?

तरीही आपल्याकडे त्याची निर्विवाद नोंद आजवर हाती आलेली नाही. पुण्याच्या ‘आयुका’ ह्या संस्थेचे संस्थापक, कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी अशा नोंदींचा जुन्या वाङ्मयात शोध घेतला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. ठाम म्हणावे असे काही त्यांना गवसले नाही. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. हा प्रश्न मागे राहिला.

ह्या प्रश्नाला अधिक टोक आणणारी एक गोष्ट आहे. त्याच काळात आपल्याच महाराष्ट्रात एक थोर ज्योतिर्गणिती होऊन गेला. श्रीपती त्याचे नाव. त्याचे रोहिणीखंड म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड असे अभ्यासक मानतात. ग्रहणांच्या गणिताचा त्याचा एक ग्रंथ १०३९ सालचा आहे आणि ग्रहांची स्थाने काढण्याचा ‘ध्रुवमानस’ हा ग्रंथ १०५६ सालचा. म्हणजे ज्या वर्षी तो तारा विझला, नेमक्या त्या वर्षी! श्रीपतीने तो पाहिला काय? पाहून मनात काय म्हणाला? मी कादंबरीकार असल्यामुळे येथे एखादा प्रवेश रचण्याचा मोह होतो: बाहेर अनोळखी तारा, आत समईच्या उजेडात ग्रहांचे गणित. पण तो मोह आवरतो. त्याने पाहिले की नाही, लिहिले की नाही, लिहिलेले वाळवीने खाल्ले की लढायांत जळाले, ह्यातले काहीच आपल्या हाती नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत धूमकेतूंचा आणि उत्पातांचा विस्ताराने विचार आहे. आपले पूर्वज आभाळाकडे पाहतच नव्हते, असे म्हणणे उथळपणाचे होईल.

मात्र एक गोष्ट निश्चित. त्या काळच्या शिलालेखांत ग्रहणाच्या, संक्रांतीच्या पर्वणीवर दिलेल्या दानांची नोंद जागोजाग सापडते. जे गणितात बसत होते, ज्याला तिथी होती, त्याला दगडावर जागा मिळाली. पंचांगात नसलेल्या पाहुण्याला तिथी कोण देणार? कोणतीही व्यवस्था, मग ती राज्याची असो, धर्माची असो की शाळेची, आपल्या रकान्यात बसेल तेच टिपते. जे बसत नाही ते दिसत नाही असे नव्हे. ते लिहिले जात नाही. आणि जे लिहिले जात नाही ते दोन पिढ्यांत घडलेच नव्हते असे होऊन जाते.

मग गणित वाईट आणि डोळे चांगले, असे म्हणावे काय? येथेच आजच्या शास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली पाहिजे. मला तर ती शास्त्राइतकीच शीलाची गोष्ट वाटते.

सूर्याच्या आठ-दहा पटींहून अधिक वस्तुमानाचा तारा कसा मरतो, हे आता पुष्कळसे कळले आहे. तारा म्हणजे एक अखंड झुंज. त्याचे स्वतःचे वजन त्याला आत दाबत असते आणि पोटातली आग त्याला बाहेर रेटत असते. लाखो वर्षे हायड्रोजन जळतो, मग हेलियम, मग त्याहून जड मूलद्रव्ये. प्रत्येक इंधन आधीच्याहून लवकर संपते. अखेरीस सिलिकॉन जळून लोखंड बनायला काही दिवस पुरतात. लोखंडापाशी मात्र चूल विझते, कारण त्यातून आणखी ऊर्जा निघत नाही. मग पृथ्वीएवढा असलेला तो लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळून एखाद्या शहराएवढा होतो. कोसळणारे द्रव्य त्या घट्ट गोळ्यावर आदळून उलट उसळते, त्याची लाट बाहेर निघते आणि तारा फुटतो.

निदान फुटायला हवा! संगणकावर हे गणित मांडण्याचे काम १९६६ साली अमेरिकेत स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी पुढे आणले. गाभ्यातून निघणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ताऱ्याला फोडतात, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या गणितात तारा फुटला. पण पुढे जसजसे भौतिकशास्त्राचे बारकावे गणितात येत गेले, तसतसा कागदावरचा तारा फुटेनासा झाला. लाट निघे, थोडे अंतर जाई आणि थबके. १९८५ साली जेम्स विल्सन आणि हान्स बेथे यांनी थबकलेली लाट न्यूट्रिनोंच्या उष्णतेने पुन्हा कशी उठू शकेल ते दाखवले; तरीही बहुतेक गणितांत तारे फुटायला तयार होईनात. आभाळात तारे फुटत होते, संगणकात फुटत नव्हते.

माझ्या कादंबरीतले एखादे पात्र वेळेवर मरत नसेल, तर मी त्याला ताप आणतो, गाडीखाली घालतो. माझी पात्रे माझे ऐकतात. त्या मंडळींनाही असे करता आले असते; एखादा आकडा इकडेतिकडे सरकवला की काम झाले. पण पुष्कळांनी वर्षानुवर्षे उघडपणे लिहिले, की आमचा तारा फुटत नाही. म्हणजे चूक ताऱ्याची नाही, आमच्या गणिताची आहे. हे वाक्य लिहायला किती मोठे मन लागते, ते लाल शाईची दौत जवळ बाळगणाऱ्यालाच कळेल.

चूक कोठे होती? इतर त्रुटींबरोबर एक मोठी त्रुटी ही, की सोयीसाठी तारा सर्व बाजूंनी सारखा मानला होता. खरा तारा असा शिस्तीने उकळत नाही. आमच्याकडे गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना पाहावा: तळचा उसळून वर येतो, वरचा खाली जातो, कडेला फेस, मध्ये खळबळ. तीच खळबळ ताऱ्याच्या पोटात धरून, तिन्ही मितींत गणित मांडण्याइतके संगणक ह्या शतकात आले, तेव्हा थबकलेली लाट पुन्हा उठू लागली आणि कागदावरचेही बरेच तारे फुटू लागले. सगळा उलगडा झाला असे अजून कुणी म्हणत नाही. पण मार्ग सापडला तो खळबळीला जागा दिल्यावर.

मधल्या काळात आभाळानेही एक परीक्षा घेतली. १९८७ च्या फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धातून दिसणाऱ्या मोठ्या मॅगेलन मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटला. चिलीतील लास कँपानास वेधशाळेत इयान शेल्टन यांच्या छायाचित्राच्या काचेवर तो उमटला. त्याच रात्री तेथील दुर्बीण चालवणारे ऑस्कर दुहाल्दे सहज बाहेर आले असताना त्यांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. पण आत येऊन ते कामाला लागले आणि बोलायचे राहून गेले. शेल्टननी येऊन विचारले तेव्हा ते म्हणाले, हो, मी पाहिला. नऊशे वर्षांपूर्वीच्या आपल्या गुराख्याला असे विचारणारा कुणी भेटला नसावा, एवढाच काय तो फरक.

ह्या ताऱ्याने गणिताला एकदम दोन उत्तरे दिली. जुन्या छायाचित्रांत शोधल्यावर कळले, की फुटलेला तारा निळा होता. असे तारे फुटताना तांबडे असावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. येथे गणित चुकले. पण प्रकाश येण्याच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ येथील जमिनीखालच्या उपकरणांत मिळून दोन डझन न्यूट्रिनोंची चाहूल लागली होती. स्फोटाची जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा हे कण घेऊन जातात, असे गणित सांगत होते. येथे ते खरे ठरले. मौज अशी, की ते गणित आधी नसते, तर त्या दोन डझन ठिपक्यांचा अर्थ कुणाला लागला असता? पाहणे गणिताला सुधारते, हे खरे. पण गणितावाचून पाहणे मुके राहते, हेही तितकेच खरे.

ह्या कामात आपला महाराष्ट्र आता मागे नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, शेतांमधून दूरवर पसरलेल्या. १९९३ साली एका परक्या तारकामंडळात फुटलेल्या ताऱ्याचा वेध आपल्या शास्त्रज्ञांनी ह्या दुर्बिणीतून सुमारे नऊ वर्षांनी घेतला. इतक्या उशिरा काय दिसणार, असे आपल्याला वाटेल. पण तारा मरण्यापूर्वी शतकानुशतके आपल्या अंगावरचा वायू टाकत आलेला असतो. स्फोटाची लाट त्या टाकलेल्या वायूवर आदळते आणि रेडिओ लहरी निघतात. लांब लहरी तर त्या आवरणातून बाहेर पडायलाच वर्षे घेतात. म्हणून धीराने ऐकत राहिले, तर मेलेल्या ताऱ्याच्या आधीच्या आयुष्याचा पत्ता लागतो. काही गोष्टी उशिरा ऐकल्या तरच ऐकू येतात.

वहीतले उत्तर मलाही असेच उशिरा ऐकू आले. पुढच्या पौषात, संक्रांतीच्या निमित्ताने मी वर्गात उत्तरायण शिकवत होतो. सूर्य रोज नेमका पूर्वेला उगवत नाही. वर्षातून दोनच दिवस, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, तो ठीक पूर्वेस असतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास मागे फिरतो. ही व्याख्या सांगता सांगता माझी जीभ अडखळली. पूर्वेकडे तोंड केले, की दक्षिण उजव्या हाताला येते. पट्टा पडतो तो मार्चमध्ये. त्या पोरीने उत्तरायण पाहिले होते. मी त्याची नुसती व्याख्या शिकवत होतो. सूर्य संक्रांतीच्या आधीच मागे फिरतो हेही तिने टिपले होते. खरे उत्तरायण आणि पंचांगातली मकरसंक्रांत यांच्यात आता तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे, हे कितीतरी शिकलेल्यांना ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, गुरुजी, मुलांनी लिहिलेले पुस्तकाविरुद्धचे सगळेच खरे मानायचे काय? मुळीच नाही. पुस्तकाशी न जुळणाऱ्या शंभर उत्तरांत बहुतेक चुकीचीच असतात, हे मी इतकी वर्षे वह्या तपासून सांगू शकतो. शास्त्रज्ञांच्याही हिशेबात न बसणाऱ्या बहुतेक गोष्टी उपकरणांच्या खोड्या निघतात. प्रश्न सगळे खरे मानण्याचा नाही. प्रश्न एवढाच, की फुली मारण्याआधी दारात जाऊन पाहायचे की नाही. ज्याच्या हाती लाल शाई आहे, त्याच्यावर हे ऋण अधिक आहे. कारण त्याची फुली कुणी तपासत नाही. मला फार लांब जायचे नव्हते. शाळेच्या ओट्यावर पहाटे चार दिवस उभे राहिलो असतो, तरी पुरले असते.

उत्तरायणाचा तो तास संपला आणि मी वर्गात पाहिले. तिची जागा रिकामी होती. दिवाळी झाल्यावर ती आईबापांबरोबर तोडीला गेली होती. पट्टा पडला, टोळ्या परतल्या, पण ती पुन्हा शाळेत आली नाही. हजेरीच्या वहीत तिचे नाव काही महिने होते. मग रीतीप्रमाणे तेही कमी झाले. बापाला एकदा बाजारात गाठून विचारले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ‘गुरुजी, धाकट्याला कोण सांभाळील?’ ह्या उत्तरावर मारायला माझ्याजवळ फुली नव्हती. तिच्या शाळा सुटण्याचे कारण माझी लाल शाई नव्हे, हे मला समजते. पण शाळेने तिचे एक उत्तर जरी मोठ्याने वाचून दाखवले असते, तर सुटताना शाळा तिला थोडी अधिक आपली वाटली असती, हेही समजते.

परवा पेटी पुन्हा माळ्यावर चढवली. वही मात्र खाली ठेवली आहे. फुलीच्या शेजारी ‘बरोबर आहे’ असे लिहून आजची तारीख घातली. फुली खोडली नाही. तीही नोंदच आहे. वही तिच्या घरी पोचती करणार आहे. ती जिथे असेल तिथे एव्हाना मोठी झाली असेल, कदाचित कोयता धरत असेल. पण वाचता तर येते.

वाचकहो, ह्या दिवाळीत फटाक्यांचा धूर निवळल्यावर मुलांना घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जा. पूर्वेला रोहिणी वर आलेली असेल. वृषभाच्या शिंगांची टोके यायला जरा वेळ लागेल. त्यांतल्या दक्षिणेकडच्या टोकापाशी नुसत्या डोळ्यांना आता काही दिसणार नाही. तरी ती जागा मुलांना दाखवा. आणि मूल दुसरीकडेच बोट करून ‘ते काय?’ असे म्हणाले, तर उत्तर देण्याआधी तिकडे एकदा बघा.